उपग्रहाला न दिसलेली वाट

रत्नागिरीतल्या एका साप्ताहिकात मी नकाशे काढते. बातमी दुसरं कुणी लिहितं. तिच्यात जे घडलं ते नेमकं कुठे घडलं, हे मी चित्रात दाखवते. नळाचं पाणी कुठल्या वाडीपर्यंत पोचतं आणि कुठल्या वाडीच्या अलीकडे संपतं, महामार्गाच्या कामात सावर्ड्याच्या बाजाराकडे वळायची जागा किती पुढे गेली, मांडवीला भरतीचं पाणी कुठवर चढलं. छापील अंकासाठी एक आकार, मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी दुसरा. कचेरीत मला ग्राफिकवाली म्हणतात. माझे बाबा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, "आमची मुलगी पत्रकं काढते."

ते चुकीचं बोलत नाहीत. मी पत्रकांतच वाढले. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं लिहायचे. शाळेचं छप्पर, विहिरीवरची बंदी, पोलिसांनी न घेतलेली तक्रार, कशावर म्हणून त्यांनी पत्रक काढलं नाही असं नाही. आमच्या घरात कोरा कागद विकत येत नसे. पत्रकाची मागची बाजू कोरी असायची, तिच्यावर मी अक्षरं गिरवली. एका बाजूला "बंधू-भगिनींनो, जागे व्हा" आणि दुसऱ्या बाजूला माझा वाकडा ग. बाबांचे नियम ठरलेले होते. अन्याय झाला असं नुसतं लिहायचं नाही, कुणी केला ते लिहायचं. मागणी एकच करायची, पण स्पष्ट करायची. आणि खाली सह्या. "सही नसलेलं पत्रक म्हणजे गडग्याआडून मारलेला दगड," असं ते म्हणायचे.

पत्रकांच्या घड्या आई घालायची. काजूच्या कारखान्यातून आली की हातपाय धुऊन गठ्ठा पुढ्यात घेऊन बसायची. काजूच्या तेलाने तिची बोटं काळी पडलेली, त्यामुळे ती कागदाला फक्त कडेने धरायची. घडी घालता घालता वाचायची आणि बाबांना विचारायची, "ह्ये वाचून माणसान् उद्या सकाळी करायचा काय?" बाबा चिडायचे. मग आत जाऊन शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहायचे.

आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. आजार लांबला नाही, त्यामुळे आम्हाला तयारीला वेळच मिळाला नाही.

आमची वाडी जयगडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, खाडीच्या वरच्या अंगाला आहे. वाडीचं स्मशान खाली खाडीकाठी. गावाचं स्मशान वेगळं, आमचं वेगळं. ते कुणी आणि का वेगळं ठेवलं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण आमच्या माणसांनी त्या जागेचं एक वेगळंच काही करून ठेवलं. बाबांच्या आधीच्या पिढीने ठरवलं की अस्थी खाडीत सोडायच्या नाहीत. खड्डा करून मातीत घालायच्या आणि वर झाड लावायचं. उंडी, करंज, बकुळ, ज्याच्या घरच्यांना जे हवं ते. त्यामुळे आमचं स्मशान म्हणजे एक राई झाली आहे. लहानपणी आम्ही तिथे माणसांच्या नावाने झाडं ओळखायचो. आईची उंडी पाण्याकडच्या ओळीत आहे.

विहाराच्या मागून वाट निघायची. आधी थोडा उघडा सडा, नुसता खडकाळ माळ, मग उतारावर जुनी काजूची आणि आंब्याची झाडं, त्यांच्या सावलीतून वळत वळत खाली. वाट कशाची, पायांनी झिजलेला जांभा आणि पाचोळा. बाबा दर रविवारी सकाळी त्या वाटेने जायचे. उन्हाळ्यात कळशी घेऊन मी बरोबर असायची, आणि पाणी घालून झालं की ते झाडाला आठवडाभरात काय झालं ते सांगायचे. वर्गात धडा सांगायचे त्याच आवाजात. मी नोकरीला लागले तेव्हा म्हणाले, "आता ही नकाशे काढते. वाचायला कमी, बघायला जास्त." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला आवडलं असतं. लांबण नाही."

मला ते रविवार आता इतके हवे असतात की सोमवारी कामावर बसलं तरी पायाखाली पाचोळा वाजतो.

तो उतार शहरातल्या कुणीतरी विकत घेतला हे आम्हाला सातबाऱ्यावरून कळलं नाही, जाहिरातीच्या कागदावरून कळलं. जाड, गुळगुळीत कागद. "खाडी दिसणारे बंगला प्लॉट." आत नकाशा होता. त्याच्यावर नारळ, खेकडा आणि विमान एवढे मोठे की मधली गावं झाकली गेली होती. आमची वाडी नव्हती. विहार नव्हता. आणि खाडीकाठी, जिथे आमची माणसं आहेत, तिथे हिरवा रंग भरून बाक काढला होता आणि लिहिलं होतं, उद्यान.

आमच्या शेजारच्या काकींनी, त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "माझ्या सासऱ्याच्या डोक्यावर बाकडा ठेवलान मेल्यान्," त्या म्हणाल्या.

बाबांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे बंगल्याचं चित्र होतं. मग विचारलं, "सही कुणाची आहे?"

"नाही कुणाची. फोन नंबर आहे."

"मग तू काढ," ते म्हणाले. "तुझा नकाशा. सहीचा."

तोवर उतारावर लोखंडी खांब उभे राहिले होते. तारा ओढायच्या बाकी होत्या. मी एका रविवारी मोबाइलमध्ये चाललेली वाट नोंदवणारं अ‍ॅप सुरू केलं आणि बाबांच्या मागून खाली गेले. बाबा मुद्दाम सावकाश चालत होते, जणू त्यांच्या वेगानेही वाटेची साक्ष द्यायची होती. कचेरीत येऊन ती नोंद उपग्रहाच्या चित्रावर ठेवली, तर माझी रेघ नुसत्या झाडांच्या शेंड्यांवरून जात होती. खाली वाट आहे असं चित्रात कुठेच दिसत नव्हतं. जुनी चित्रं काढून पाहिली. सगळ्यांत झाडं. भूमी अभिलेखच्या गावनकाशात गटांच्या हद्दी होत्या, वाट नव्हती. आमच्या पायांची नोंद कुठल्याच कागदाने घेतली नव्हती.

मी नकाशा केला आणि रागाने केला. वाट लाल, खांब लाल, राई लाल, मथळा लाल. संपादकांनी चष्मा वर केला. हे गृहस्थ आयुष्यभर छापखान्यातल्या ट्रेडल मशीनच्या आवाजात काम करून आलेले, त्यामुळे साधं बोललं तरी ओरडल्यासारखं बोलतात.

"हा नकाशा आहे का होळी?"

"सर, हा प्रश्न—"

"प्रश्न कळला. लाल एकदाच वापर. कुठे वापरणार?"

मी विचार केला. जिथे खांब वाटेला छेदतात तिथे एक ठिपका ठेवला.

"आता बघ," ते म्हणाले. "आता वाचणाऱ्याचं बोट आपोआप तिथे जाईल. आणि वाट तुटक रेघेने दाखव."

"तुटक का? ती अख्खी आहे. मी चालून आले आहे."

"तू चालून आलीस. सरकार आलंय का? जे कागदावर सिद्ध नाही ते तुटक. नियम तुझ्यासाठी बदलला तर उद्या त्या बंगलेवाल्यासाठीपण बदलावा लागेल."

हे मला पटलं आणि टोचलंही. मी तुटक रेघ काढली. राईतल्या प्रत्येक झाडाला एक हिरवा ठिपका दिला आणि सूचीत लिहिलं: प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. खाली, जिथे इतर वेळी माहितीचा स्रोत लिहितो, तिथे वाडीतल्या ज्यांनी ज्यांनी वाट दाखवली त्यांची नावं घातली. नकाशा छापून आला. मोबाइलवर तो माझ्या कुठल्याही कामापेक्षा जास्त फिरला. पुण्याहून कुणीतरी लिहिलं, रंगसंगती सुंदर. सुंदर दिसावं म्हणून कुणी आपल्या आईचा ठिपका काढत नाही.

पण त्या नकाशामुळे तहसील कचेरीने अर्ज तरी घेतला. वहिवाटीचा अर्ज, म्हणजे ही वाट लोक पूर्वापार वापरत आले आहेत, ती अडवू नये. स्थळपाहणीला अधिकारी येणार असं ठरलं. त्याच्या आधी विहारात बैठक झाली. मी सगळ्यांना सांगितलं की आपली अडचण काय आहे: वरून पाहिलं तर झाडांमुळे वाट दिसत नाही. उपग्रहाला दिसली असती तर काम सोपं होतं.

"म्हंजे त्याला वरना दिसाया हवी," काकी म्हणाल्या.

"हो. पण आता ते जाऊ दे. आपण साक्षीदार देऊ."

मी रत्नागिरीला परतले. जयंती जवळ आली होती, विहाराला रंग चालू होता, आणि रंगकाम झाल्यावर पिंपात चुना उरला.

स्थळपाहणीच्या सकाळी मी वाडीत पोचले तर विहाराच्या मागे माणसं उभी होती, नव्या कपड्यांत, हसऱ्या तोंडाने. माझीच वाट पाहत होती. मी पुढे जाऊन खाली पाहिलं.

वाट पांढरी झाली होती. दोन्ही बाजूंना जांभ्याचे दगड ओळीने मांडले होते आणि एकूण एक दगडाला चुना लावला होता. वर आडव्या येणाऱ्या फांद्या तोडल्या होत्या. झुडपं साफ केली होती. पाचोळा झाडून काढला होता. उतारावरून खाडीपर्यंत एक लखलखीत पांढरी रेघ वळत गेली होती. लग्नाच्या मांडवाकडे जाणारी असावी तशी.

"आता दिसंल का नाय?" काकींनी विचारलं. त्यांच्या कोपरापर्यंत चुना होता. "फांद्यापन तोडल्याव. म्हटला, त्याला डोका वाकवाया नको."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांच्या चपलेवरही चुना होता. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण ते हसायचे थांबले.

जीप आली. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याच्याबरोबर समोरच्या बाजूचा वकील होता, त्याने फार काही केलं नाही. खाली वाकला, एका दगडावर बोट फिरवलं आणि पांढरं बोट अधिकाऱ्याला दाखवलं.

"साहेब, वाट पूर्वापार आहे म्हणतात. चुना अजून हाताला लागतोय."

"चुना आम्ही लावला," बाबा म्हणाले. "वाट आधीची आहे."

"फांद्या कुणी तोडल्या?"

"आम्हीच."

"म्हणजे आधी इथून जाता येत नव्हतं?"

"वाकून जायचो," काकी म्हणाल्या. "आमाला सवय हाय वाकायची. त्याच्यासाठी तोडल्याव." आणि त्यांनी वर आभाळाकडे बोट दाखवलं.

अधिकाऱ्याने वर पाहिलं. त्याला काही समजलं नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं: जागेवर नव्याने तयार केलेली वाट आढळली.

त्या दिवशी मला कुणाचा राग आला हे मी अजून स्पष्टपणे लिहू शकते, आणि लिहिते. वाडीचा नाही आला. ज्या माणसांना कायम सांगितलं गेलं की तुमच्याकडे कागद नाही, तुमची नोंद नाही, तुम्ही दिसत नाही, त्यांना कुणीतरी पहिल्यांदा दिसण्याचा उपाय सांगितला आणि त्यांनी तो रात्रंदिवस राबून केला. राग आला तो या व्यवस्थेचा, जी झाडाखालून पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या पायांना पुरावा मानत नाही आणि एका बोटावरच्या चुन्याला मानते. बाबांनी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. खूप वर्षांनी. हाताने लिहून, झेरॉक्स करून. घड्या मी घातल्या. त्यांनी शेवटचा परिच्छेद लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, आणि कागद पुढ्यात धरून नुसते बसले. विचारणारं कुणी नव्हतं.

पावसाच्या तोंडावर निकाल आला. वहिवाट सिद्ध होत नाही. अपील केलं आहे, त्याच्या तारखा पडतात. खांबांवर तारांऐवजी पत्रे आले, माणसाच्या उंचीपेक्षा वर. विहाराच्या मागे वाट चार पावलं जाते आणि पत्र्याला टेकते. पहिल्या काही रविवारी बाबा तिथवर जाऊन उभे राहायचे. मग गुडघ्याचं निमित्त सांगून जायचे थांबले. पावसात वाडीतले एकजण वारले. त्यांना गावाला वळसा घालून, टेम्पोतून, शहराच्या स्मशानात न्यावं लागलं. त्यांच्या अस्थी अजून घरात फळीवर आहेत. झाड कुठे लावायचं ते घरच्यांना ठरवता येत नाही.

पावसाळा संपल्यावर मी मांडवीच्या एका बातमीसाठी किनाऱ्याचा नकाशा करत होते. उपग्रहाचं नवं चित्र आलेलं दिसलं. सवयीने चित्र सरकवत आमच्या खाडीवर नेलं. आणि तिथे ती होती. पांढरी, केसासारखी बारीक, वळत वळत खाली गेलेली. ज्या थोड्या दिवसांत चुना ताजा होता, फांद्या तोडलेल्या होत्या आणि आभाळ स्वच्छ होतं, त्यातल्याच कुठल्यातरी दुपारी ते चित्र घेतलं गेलं होतं. जगातल्या कुणालाही आता ती वाट दिसत होती. फक्त चालता येत नव्हती.

संपादक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. पहिल्यांदाच हळू बोलले. "छापू नकोस. वकील म्हणेल, बघा, ह्याच उन्हाळ्यात केली."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर बघत काय बसलीस?"

त्या रेघेच्या शेवटी झाडं होती, आणि पाण्याकडच्या ओळीत एक उंडी. चित्र मोठं करत गेलं की ती फुटून हिरवे चौकोन व्हायची. लहान केलं की पुन्हा झाड व्हायची.

घरी गेल्यावर ते चित्र बाबांना दाखवलं. दाखवायला नको होतं की काय, ठरवता येत नाही. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. विहारापासून बोट खाली नेलं, प्रत्येक वळणाला थांबत. शेवटी पोचल्यावर बोट उचललंच नाही.

"जायला हवं," ते म्हणाले.

"कुठून जाणार?"

"खाडीतून."

पलीकडच्या काठावर मासेमारी करणारे एक नाखवा आहेत. बाबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांना फोन केला तर म्हणाले, "गुरुजींसाठी होडी कधीपण. पण भरती बघून जाऊया. आणि सांगून ठेवतो, तिथे धक्का नाय. चिखल हाय. गुडघाभर."

आईच्या स्मृतिदिनाला आम्ही गेलो. थंडीची सकाळ होती. नाखवांनी बाबांना धरून होडीत बसवलं, वर खवचटपणे म्हणाले, "गुरुजी, शाळेत मला कायम शेवटच्या बाकावर बसवलात. आता बसा मागे." बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी. बाबांच्या मांडीवर कळशी होती. झाड आता मोठं झालं होतं, त्याला आमच्या पाण्याची गरज नव्हती, पण रिकाम्या हाताने जायचं कसं.

खाडीतून आमची राई मी पहिल्यांदाच पाहिली. मी तिचा नकाशा काढला होता, प्रत्येक झाडाला ठिपका दिला होता, पण तो सगळा वरून. पाण्यावरून ती नुसती एक हिरवी भिंत होती. सगळी झाडं एकमेकांत मिसळलेली. होडी जाईल तितकी आत नेली. पुढे चिखल चकाकत होता. बाबांनी पाय बाहेर टाकला तो पोटरीपर्यंत रुतला, आणि नाखवांनी त्यांना मागून कवेत धरून वर ओढलं.

"नाय जमायचा, गुरुजी."

"थोडंच आहे."

"थोडा हाय म्हणूनच माणूस रुततो. बसा."

बाबा बसले. कळशी माझ्याकडे दिली.

मी चिखल तुडवत गेले. राईत शिरले तेव्हा पायाखाली पाचोळा वाजला आणि मला एकदम रडू फुटलं. उंडीच्या बुंध्याशी पाणी घातलं. आठवडाभराचं सांगायचं होतं. इतक्या महिन्यांचं साचलं होतं, आणि मला बाबांसारखं सांगता येईना. मी एवढंच म्हटलं की बाबा आले आहेत, पाण्यात आहेत. वर उताराकडे पाहिलं. पावसात चुना धुऊन गेला होता. दगड होते, ओळीने, पुन्हा जांभ्याच्या रंगाचे. आणि त्यांच्या शेवटी पत्रा.

खाडीवरून बाबांचा आवाज आला. "कुठली गो?"

"काय?"

"कुठली तिची? इथून सगळी सारखीच दिसतायत."

मी ओळीतून पुढे आले आणि उंडीला टेकून उभी राहिले. हात वर केला.

"दिसतेय?"

"हात हलव."

मी हलवला.

"हां," ते म्हणाले. "दिसली."

ते होडीत उठून उभे राहिले होते. नाखवांनी एका हाताने त्यांचा सदरा धरला होता, दुसऱ्या हाताने वल्हं चिखलात रोवलं होतं. पाणी उतरायला लागलं होतं. होडीच्या कडेला चिखलाची ओली पट्टी उघडी पडत होती.

"गुरुजी, निघाया हवा," नाखवा म्हणाले. "सुकती लागली."

"जरा थांब," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून ओरडले, "हात खाली घेऊ नकोस."